मूत्रपिंडाच्या गाठीची शस्त्रक्रिया, २४०० मिलिलिटरचा रक्तस्राव आणि शिरेवाटे दिलेले द्रव: एक प्रकरण अभ्यास

रुग्ण इंदूरच्या रामबाग भागात राहणारे ६१ वर्षांचे निवृत्त शिक्षक. लघवीतून अधूनमधून रक्त जाते या तक्रारीवरून तपासण्या झाल्या आणि सीटी स्कॅनमध्ये उजव्या मूत्रपिंडात ११ सेंटिमीटरची गाठ आढळली. शरीराच्या खालच्या भागातले रक्त हृदयाकडे नेणाऱ्या इन्फिरियर व्हेना केव्हा या मोठ्या शिरेच्या पोकळीत गाठ शिरलेली नव्हती, परंतु बाजूच्या लसिका ग्रंथी त्या शिरेला चिकटलेल्या दिसत होत्या. शहरातील एका खासगी रुग्णालयात पोट उघडून मूत्रपिंड काढण्याचे ठरले. या शस्त्रक्रियेत भूल देण्याची आणि द्रव-नियोजनाची जबाबदारी माझ्याकडे होती. रुग्णाची ओळख पटेल असे इतर तपशील येथे गाळले आहेत.

वजन ६४ किलो, हिमोग्लोबिन ११.४ ग्रॅम, प्लेटलेट २.१ लाख, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तात वाढणारा घटक) १.२ आणि आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचे माप) १.१ असे आकडे होते. इकोमध्ये हृदयाचे आकुंचन उत्तम होते, मात्र डावा कप्पा किंचित ताठर झालेला होता, म्हणजे कमी भरले तर रक्तदाब घसरेल आणि जास्त भरले तर फुप्फुसात पाणी साचेल, अशी मधली जागा अरुंद होती. रक्तदाबासाठी चालू असलेली टेल्मिसार्टनची गोळी आदल्या दिवसापासून थांबवली होती. शस्त्रक्रियेच्या दोन तास आधीपर्यंत साधे पाणी पिऊ दिले होते, त्यामुळे रात्रभर उपाशी राहिल्याची भरपाई म्हणून सुरुवातीलाच लिटरभर सलाइन देण्याची जी जुनी पद्धत अजूनही काही ठिकाणी पाळली जाते, तिची येथे गरज नव्हती.

शस्त्रक्रियेपूर्वी दोन आकडे फळ्यावर लिहिले होते. किलोमागे ७० मिलिलिटर धरले तर रुग्णाच्या शरीरात साधारण ४५०० मिलिलिटर रक्त होते, आणि हिमोग्लोबिन ११.४ वरून ८ पर्यंत उतरू द्यायचे ठरवले तर साध्या सूत्राने सुमारे १३०० मिलिलिटर रक्त जाईपर्यंत लाल पेशी न देता निभावता येणार होते. हे सूत्र रक्त हळूहळू जात आहे आणि गेलेल्या रक्ताची जागा द्रवाने वेळोवेळी भरून निघत आहे, असे गृहीत धरते. पाच मिनिटांत रक्त गेले तर ते गृहीतक कोसळते. तरीही हा आकडा आधी लिहून ठेवण्याला माझ्या मते मोठे मोल आहे, कारण रक्त वाहू लागल्यावर गणित करायला कोणाचेही डोके शांत नसते.

या प्रकरणात सांगण्यासारखी मुख्य गोष्ट अशी, की रक्तस्रावाच्या वेळी ‘द्रव किती द्यायचा’ हा प्रश्न अपुरा आहे. रक्तवाहिन्या भरण्यासाठी आकारमान, ऑक्सिजन वाहून नेण्यासाठी लाल पेशी, गुठळी होण्यासाठी प्लाझ्मातील घटक आणि रक्तवाहिन्यांचा ताण, या चार वेगवेगळ्या गोष्टींपैकी या क्षणी नेमकी कोणती उणी आहे, हे दर दहा मिनिटांनी नव्याने विचारावे लागते. रिंगर लॅक्टेट, म्हणजे रक्तातल्या क्षारांशी मिळताजुळता शिरेवाटे देण्याचा द्रव, यांतली फक्त पहिली उणीव भरते, तीही काही काळापुरती, आणि प्रत्येक बाटलीगणिक दुसरी व तिसरी उणीव वाढवते.

पूर्वतयारी

दोन्ही हातांना प्रत्येकी एक राखाडी, म्हणजे १६ गेजची, सुई लावली आणि मानेच्या शिरेतून सेंट्रल लाइन, म्हणजे हृदयाजवळ पोहोचणारी लांब नळी, घातली. पायाला एकही सुई लावली नाही. व्हेना केव्हाजवळ काम चालणार असेल तर पायातून दिलेला द्रव त्याच शिरेतून वर येतो. ती शीर दाबली वा फाटली तर तो द्रव हृदयापर्यंत पोहोचतच नाही, उलट जखमेतून बाहेर वाहतो. सेंट्रल लाइन औषधांसाठी उपयोगी असते, पण झपाट्याने द्रव देण्यासाठी हाताची जाड आणि आखूड सुईच कामाची, कारण नळी जितकी लांब आणि अरुंद तितका प्रवाहाला अडथळा जास्त, आणि त्यातही त्रिज्येचा परिणाम चौथ्या घाताने होतो. हिरव्या १८ गेजच्या सुईने मिनिटाला साधारण ९० ते १०० मिलिलिटर जातात, तर राखाडीतून त्याच्या जवळपास दुप्पट.

मनगटाच्या धमनीत रक्तदाबासाठी नळी घातली होती. पाठीत एपिड्युरल कॅथेटर, म्हणजे मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर वेदनाशामक औषध सोडणारी बारीक नळी, घातले, परंतु त्यातून भुलीचे औषध दिले नाही. रक्तस्राव पूर्ण थांबल्याची खात्री होईपर्यंत एपिड्युरल कोरडे ठेवावे, असे माझे ठाम मत आहे. एपिड्युरलमुळे रक्तवाहिन्या सैलावतात, त्यातच रक्त गेले की शरीराची स्वतःची बचावाची यंत्रणा लुळी पडते, आणि कोसळलेल्या रक्तदाबातला किती वाटा रक्तस्रावाचा आणि किती औषधाचा हे कळेनासे होते.

रक्तपेढीत पॅक्ड सेलच्या (वेगळ्या काढलेल्या लाल पेशींच्या) चार पिशव्या क्रॉसमॅच करून, म्हणजे रुग्णाच्या रक्ताशी जुळवून, ठेवल्या होत्या आणि एफएफपीच्या (गोठवलेल्या ताज्या प्लाझ्माच्या) चार पिशव्या राखून ठेवायला सांगितले होते. संमतीपत्रावर सही करताना रुग्णाच्या मुलाने विचारले, “डॉक्टरसाहेब, सलाइन तर चालूच राहणार ना, मग रक्त कशाला चढवायचं?” प्रश्न रास्त होता. सलाइनने नळी भरलेली राहते, पण प्राणवायू वाहून नेणाऱ्या लाल पेशी त्यात नसतात. बाबांचे रक्त एका मर्यादेपलीकडे गेले तरच रक्त देऊ, एरवी एकही पिशवी देणार नाही, असे त्यांना सांगितले. असे बोलणे दाखल होण्याच्या दिवशीच व्हावे. ऑपरेशन थिएटरच्या (ओटीच्या) दारात घाईने झालेल्या बोलण्यातून नातेवाईकांच्या हाती फक्त धास्ती लागते.

शस्त्रक्रियेचा पहिला टप्पा

भूल दिल्यावर रक्तदाब ८४/५० पर्यंत उतरला. या वेळी एकही थेंब रक्त गेलेले नव्हते. अशा घसरणीचे कारण भुलीच्या औषधांनी सैलावलेल्या रक्तवाहिन्या हे असते आणि तिचा उपाय रक्तवाहिन्या आकसवणाऱ्या फेनिलएफ्रिनच्या लहान मात्रा हा आहे. येथे अर्धा-एक लिटर द्रव धाडधाड सोडला असता तर आकडा सुधारला असता खरा, पण पुढच्या खऱ्या संकटापूर्वीच रक्त पातळ झाले असते. चीर दिल्यावर पहिला दीड तास रिंगर लॅक्टेट तासाला सुमारे २५० मिलिलिटर या गतीने चालू होते. या काळात २५० मिलिलिटर रक्त गेले. पल्स प्रेशर व्हेरिएशन, म्हणजे कृत्रिम श्वासागणिक नाडीच्या दाबात होणारा बदल, ९ टक्के होता. हृदयाकडे रक्त कमी येऊ लागले की हा आकडा वाढतो.

शिरेला चीर

१०.५० वाजता ग्रंथी सोडवताना कंबरेकडून येणारी एक लहान शीर व्हेना केव्हाच्या भिंतीपासून मुळाशीच तुटली. पाच-सहा मिनिटांत सुमारे ८०० मिलिलिटर रक्त गेले. रक्तदाब ७२/४० झाला, श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड ३४ वरून २४ वर आला आणि पल्स प्रेशर व्हेरिएशन २१ टक्क्यांवर गेले.

कार्बन डायऑक्साइडची अशी घसरण हृदयाकडे रक्त कमी पोहोचत असल्याने होते, पण उघड्या पडलेल्या मोठ्या शिरेतून हवा ओढली गेली तरी हेच दिसते. म्हणून सर्जनना जखमेत सलाइन ओतायला सांगितले आणि ऑक्सिजन १०० टक्के केला. सर्जननी बोटाने आणि स्पंजने चीर दाबून धरली. “सर, आता शिवू नका, पाच मिनिटं नुसतं दाबून धरा,” असे त्यांना सांगितले आणि त्यांनी ते ऐकले. ही पाच मिनिटे म्हणजे त्या दिवसाच्या द्रव-नियोजनातला सर्वांत परिणामकारक भाग होता. वाहती चीर तशीच ठेवून वरून बाटल्या ओतणे म्हणजे बुडाला भोक पडलेल्या घागरीत पाणी भरत राहणे. दाबून धरलेल्या अवस्थेत तेच पाणी आत टिकते.

पण दाबून धरण्याचा एक सापळा आहे, आणि तो पाठ्यपुस्तकांत फारसा ठळक केलेला दिसत नाही. व्हेना केव्हा दाबली की खालच्या धडाकडून हृदयाकडे येणारे रक्तच अडते. त्यामुळे रक्तदाब कमी होतो आणि पल्स प्रेशर व्हेरिएशन वाढते, ते केवळ रक्त गेल्यामुळे नव्हे. हा सगळा फरक द्रवाने भरून काढायचा असे ठरवले, तर बोट काढताच अडलेले रक्त वर येते, शिरेतला दाब एकदम वाढतो आणि चिरेतून पूर्वीपेक्षा जोराने रक्त उसळते. म्हणून आम्ही सर्जनना मध्येच विचारत होतो, “आता दाब किती आहे? शीर पूर्ण मिटली आहे की थोडी वाहते आहे?” त्यांनी स्पंज थोडा बाजूला सरकवून शिरेचा निम्मा मार्ग मोकळा केला तेव्हा द्रव न वाढवताच रक्तदाब ८८ झाला. उरलेली उणीव तेवढी खरी होती.

गरम केलेले रिंगर लॅक्टेट प्रेशर बॅगने दोन वेळा ५०० मिलिलिटर दिले आणि दोन्ही वेळा परिणाम बघून मगच पुढचे ठरवले. सोबत सेंट्रल लाइनमधून नॉरएड्रेनालिन किलोमागे मिनिटाला ०.०५ मायक्रोग्रॅमने सुरू केले, नंतर ते ०.१ पर्यंत न्यावे लागले. काहींना हे पटत नाही. रक्त जात असताना रक्तवाहिन्या आकसवणारे औषध कशासाठी, असा आक्षेप असतो. केवळ औषधावर रक्तदाब ताणून धरणे चुकीचेच आहे. मात्र रक्ताची पिशवी वर येईपर्यंतच्या काही मिनिटांत हृदयाच्या धमन्यांना आणि उरणार असलेल्या एकुलत्या मूत्रपिंडाला दाब मिळावा, आणि त्यासाठी तिसरी-चौथी बाटली ओतावी लागू नये, इतक्याच हेतूने ते दिले.

१०.५४ वाजता, म्हणजे रक्तस्राव सुरू झाल्यावर चार मिनिटांत, पॅक्ड सेल मागवले आणि त्याच फोनवर चारही एफएफपी वितळवायला सांगितले. गोठवलेला प्लाझ्मा ३७ अंशांच्या पाण्यात वितळायला साधारण अर्धा तास लागतो; ‘गरज पडली तर सांगतो’ असे म्हणत राहिले तर गरज पडल्यावर तो अर्धा तास उसना मिळत नाही. त्याच वेळी ट्रॅनेक्झामिक अॅसिड १ ग्रॅम दहा मिनिटांत दिले. हृदयाव्यतिरिक्तच्या मोठ्या शस्त्रक्रियांत या औषधाने रक्तस्राव कमी होतो, हे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या पॉइज-३ या ९५०० हून अधिक रुग्णांच्या चाचणीत दिसले आहे.

१०.५८ वाजता धमनीतल्या रक्ताचा अहवाल आला: पीएच ७.३१, लॅक्टेट (ऊतींना ऑक्सिजन कमी पडला की वाढणारा घटक) ३.१, आयनाइज्ड (रक्तात मोकळे असलेले) कॅल्शियम १.०८, हिमोग्लोबिन १०.२. शेजारी उभ्या असलेल्या निवासी डॉक्टरांनी विचारले, “मॅडम, हिमोग्लोबिन दहाच्या वर आहे, मग रक्त आत्ताच लावायचं का?” हा प्रश्न दर वेळी विचारला जायला हवा, कारण याच ठिकाणी पुष्कळदा उशीर होतो. वाहून जाते ते संपूर्ण रक्त, पेशी आणि प्लाझ्मा त्याच प्रमाणात. म्हणून मागे उरलेल्या रक्तातले हिमोग्लोबिन लगेच कमी होत नाही. ते उतरते द्रव आत मिसळल्यावर. १०.२ हा आकडा काही मिनिटांपूर्वीची स्थिती सांगत होता. सक्शनची बाटली, भिजलेले मॉप आणि अजून न शिवलेली चीर आत्ताची स्थिती सांगत होती. एकूण १०५० मिलिलिटर गेले होते, फळ्यावरची मर्यादा १३०० होती, आणि दुरुस्तीसाठी बोट काढावे लागणार होते. म्हणून पहिली पिशवी त्याच क्षणी सुरू केली आणि ती निम्मी आत गेल्यावरच सर्जनना शिवायला सांगितले.

रक्त देण्याची मर्यादा ७ ग्रॅम ठेवली तरी चालते, हे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील चाचणीपासून सर्वांना ठाऊक आहे आणि मीही ती मर्यादा मानते. पण त्या चाचणीतले रुग्ण अतिदक्षता विभागात स्थिर केलेले होते. मोठी शीर उघडी असताना ती मर्यादा लावता येत नाही.

कोणता द्रव आणि कोणता नव्हे

०.९ टक्के सलाइन मुख्य द्रव म्हणून वापरले नाही. त्यात सोडियम आणि क्लोराइड प्रत्येकी १५४ मिलिमोल असतात. रक्तात क्लोराइड साधारण १०० च्या आसपास. अनेक लिटर दिल्यास क्लोराइड वाढून रक्त आम्लधर्मी होते. मग लॅक्टेटमुळे झालेली आम्लता कोणती आणि बाटलीमुळे झालेली कोणती, हे ओळखणे कठीण होते, आणि मूत्रपिंडाचा रक्तप्रवाहही घटतो. मूत्रपिंडाच्या रुग्णाला रिंगर लॅक्टेट नको कारण त्यात पोटॅशियम असते, हा समज अजून वॉर्डांत भेटतो. त्यात पोटॅशियम लिटरला फक्त ४ मिलिमोल आहे, म्हणजे निरोगी रक्ताइतकेच, आणि त्या द्रवाने रक्तातले पोटॅशियम ४ च्या फार पुढे नेता येणार नाही. उलट सलाइनच्या आम्लतेने पेशींतले पोटॅशियम बाहेर येते. सलाइन आम्ही फक्त रक्ताच्या नळीसाठी वापरले, कारण रिंगरमधले कॅल्शियम आणि पिशवीतले रक्त गोठू नये म्हणून कॅल्शियम बांधून ठेवणारे सायट्रेट एकाच नळीत येऊ नयेत.

स्टार्चचे द्रव वापरले नाहीत. २०१२ सालच्या मोठ्या चाचण्यांत गंभीर रुग्णांमध्ये या द्रवांमुळे मूत्रपिंडाला बाधा होऊन डायलिसिसची गरज वाढलेली दिसली. एक मूत्रपिंड निघणार असलेल्या रुग्णात तो धोका पत्करण्याचे कारण नाही. जिलेटिनच्या बाटल्याही टाळल्या, कारण तेवढ्या वेळात रक्त आणि प्लाझ्मा येणारच होते. गाठ कर्करोगाची असल्याने जखमेतले रक्त गोळा करून परत देण्याचा पर्याय विचारात घेतला नाही.

बोट काढून शिवताना आणखी १०५० मिलिलिटर रक्त गेले. ११.२० वाजता हिमोग्लोबिन ८.६ होते, तोपर्यंत दुसरी पिशवी चालू होती. ११.३० ला एफएफपी आले आणि चारही पिशव्या, म्हणजे साधारण किलोमागे १० मिलिलिटर, दिल्या. अपघातातल्या रुग्णांसाठी पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट समान प्रमाणात देण्याची रीत येथे आंधळेपणाने लावली नाही. रक्तस्रावाची जागा दिसत होती आणि हाताखाली होती. सायट्रेटमुळे आयनाइज्ड कॅल्शियम ०.९६ पर्यंत उतरले, तेव्हा १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिलिलिटर दोन वेळा दिले. कॅल्शियमशिवाय रक्त गोठत नाही आणि हृदयही नीट आकुंचन पावत नाही, तरी घाईत हेच सर्वांत आधी विसरले जाते. सगळे द्रव आणि रक्त वॉर्मरमधून दिले. शेवटी तापमान ३५.९ होते. डिसेंबरात इंदूरची सकाळ बरीच गार असते आणि पोट उघडे असताना उष्णता झपाट्याने जाते. थंड रक्त, आम्लता आणि न गोठणे ही तिन्ही एकमेकांना वाढवतात.

शेवटी हिशेब मांडला तेव्हा एकूण रक्तस्राव २४०० मिलिलिटर भरला. सक्शनच्या बाटलीतून जखम धुण्याचे पाणी वजा केले आणि मॉप वजन करून मोजले, कोरड्या मॉपचे वजन वगळून प्रत्येक ग्रॅमला एक मिलिलिटर. नजरेच्या अंदाजाने ओटीतल्या तिघांनी त्याआधी १५०० ते १८०० असे सांगितले होते. रिंगर लॅक्टेट एकूण २२०० मिलिलिटर, पॅक्ड सेल तीन आणि एफएफपी चार पिशव्या गेल्या. क्रॉसमॅच केलेली चौथी पिशवी परत पाठवली. हिमोग्लोबिन ९.२, प्लेटलेट १.१२ लाख, फायब्रिनोजेन (गुठळी बनवणारे प्रथिन) १७२ मिलिग्रॅम, लॅक्टेट २.४. फायब्रिनोजेन सीमेवर होते, पण जखम कोरडी होती, म्हणून क्रायोप्रेसिपिटेट, म्हणजे प्लाझ्मातून काढलेला फायब्रिनोजेनयुक्त घटक, दिले नाही. शस्त्रक्रियेदरम्यान लघवी तासाला ३० मिलिलिटरच्या आसपास होती. तेवढ्यावरून बाटली वाढवली नाही, कारण भूल आणि शस्त्रक्रियेच्या ताणाने लघवी तशीही कमी होते.

नंतरचे दिवस

नॉरएड्रेनालिन दुपारी दीडपर्यंत बंद झाले आणि संध्याकाळी श्वासनळीतली नळी काढली. एपिड्युरलमधून औषध आयएनआर पाहिल्यावरच सुरू केले. रात्री रिंगर लॅक्टेट किलोमागे तासाला दीड मिलिलिटर ठेवले. येथे दोन्ही टोके धोक्याची आहेत. आतडी सुजतील, फुप्फुसात पाणी होईल म्हणून द्रव अगदी आवळून धरण्याची लाट मध्यंतरी आली होती. २०१८ सालच्या रिलीफ या ३००० रुग्णांच्या चाचणीत पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियांनंतर आवळून धरलेल्या गटात मूत्रपिंडाची तीव्र बाधा ८.६ टक्के आणि मोकळेपणाने दिलेल्या गटात ५ टक्के आढळली. आमच्या रुग्णाकडे आता एकच मूत्रपिंड होते.

क्रिएटिनिन दुसऱ्या दिवशी १.६ झाले. वेदनेसाठी मूत्रपिंडाला बाधणारी डायक्लोफिनॅकसारखी औषधे पूर्ण टाळली. त्याच दिवशी हिमोग्लोबिन ८.३ आले आणि कुटुंबाला वाटले, पुन्हा रक्त जाते आहे. नाडी ८६, रक्तदाब १२६/७४, ड्रेनमध्ये ६० मिलिलिटर पातळ लालसर स्राव, पोट मऊ: ही घट पेशींबाहेर साचलेला द्रव परत रक्तवाहिन्यांत येऊ लागल्याची होती. रक्त दिले नाही. मुलाला आदल्या आठवड्यातल्या बोलण्याची आठवण होती, त्यामुळे समजावायला वेळ लागला नाही. तिसऱ्या दिवशी लघवी भरपूर होऊ लागली, शिरेवाटेचे द्रव बंद करून तोंडाने घेणे सुरू झाले आणि पाचव्या दिवशी क्रिएटिनिन १.४ वर आले. आठव्या दिवशी रुग्ण घरी गेले. टेल्मिसार्टन मूत्रपिंडाचे काम स्थिरावल्याची तपासणी होईपर्यंत बंदच ठेवून रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन दिले.

एक मुद्दा मात्र शस्त्रक्रियेच्या अलीकडचा आहे. या रुग्णाची फेरिटिनची, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची, तपासणी दाखल झाल्यावर पाठवली आणि ती कमी आली, कारण लघवीतून आठवडेच्या आठवडे रक्त जात होते. गाठ कळल्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत जवळजवळ तीन आठवडे गेले होते. निदानाच्या दिवशीच फेरिटिन पाहून शिरेवाटे लोह दिले असते तर त्या अवधीत हिमोग्लोबिन एखाद-दीड ग्रॅमने वाढण्याची शक्यता होती. ते १२.५ धरून फळ्यावरचे गणित पुन्हा केले तर १३०० च्या जागी १६०० येतात.